अंबूचा अनंत

॥ श्री ॥
कासारवाडी,
१२ जानेवारी १९७४

ती. सौ. सुमनताईस,
धाकट्या अंबूचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तू माहेरच्या अनंताचं रोप केळीच्या सोपटात गुंडाळून दिलंस, ते मी न्हाणीमागे लावलं. आता त्याची पानं पिवळी पडून गळताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. सकाळचं ऊन मिळतं, मुळाशी पाणी तुंबत नाही, शेणखतही घातलं. तरी रोज झाडाखाली पानं पडलेली दिसतात.

परवा सासूबाई शेजारच्या केसरबाईंना म्हणाल्या, की हिच्या हाताला काय लागतच न्हाई. मी चुलीपाशीच होते. माझी दोन पोरं पोटातच गेली, त्यामुळे हे बोलणं कुठे लागतं ते तुला सांगायला नको. आता मला पाचवा लागला आहे. ताई, हे झाड गेलं तर मी धसका घेईन. काय करू ते लवकर कळव.

तशा त्या वाईट नाहीत. कोपऱ्यावरच्या नळाला पहाटे थोडा वेळ पाणी येतं, ते पिण्यापुरतंच होतं. स्वतः रांगेत उभ्या राहून त्या माझ्यासाठी एक कळशी वेगळी भरून ठेवतात, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. धुणंभांडी आणि झाडं विहिरीवर. ओढ्यापलीकडे कारखाना झाल्यापासून विहिरीचं पाणी तुरट लागतं, नाहीतर सासूबाईंची हयात त्याच्यावरच गेली.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
अंबू


ओतूर,
२१ जानेवारी १९७४

चि. सौ. अंबूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं. लहानपणी पेरलेलं बी तू रोज उकरून बघायचीस, कोंब आला का म्हणून. तो उतावळेपणा अजून गेला नाही. अनंत हे लाडोबा झाड आहे, त्याचे नखरे सोसावे लागतात. आठवड्याला वाटीभर ताक पातळ करून घाल. तुमच्या विहिरीचं पाणी त्याला मानवत नसणार. काही दिवस पिण्याचं पाणी घालून बघ.

सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. तू दोन जिवांची आहेस, जपून राहा. आणि ज्योतीरामरावांना म्हणावं, ओव्हरटाइम पुरे, जरा घरातही बघा.

तुझ्यावर जीव टाकणारी,
सुमनताई


कासारवाडी,
३ मार्च १९७४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं औषध लागू पडलं. झाडाला नवी पानं फुटली, चांगली हिरवीगार आणि तुकतुकीत. तांब्याभर पाण्याने भागेना, म्हणून वाढवलं. आणतेस कुठून, हे मात्र विचारू नकोस. काल सासूबाईंनी पान चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, की गुन हाय गं तुज्या हाताला. मी आत जाऊन रडले. किती दिवसांनी मला बरं वाटलं म्हणून सांगू!

माझी तब्येत जरा नरम आहे. मळमळ परत सुरू झाली आहे, पोटात मुरडा येतो, अन्न नकोसं वाटतं. केसरबाई म्हणतात, मुलगा असला की असंच होतं. तू काळजी करू नकोस.

आठवण ठेव.
तुझी,
अंबू


ओतूर,
११ मार्च १९७४

चि. सौ. अंबूस आशीर्वाद.

सातव्या महिन्यात मळमळ बरी नव्हे. केसरबाई काय डॉक्टर आहेत? ज्योतीरामरावांची कामावरची एक पाळी बुडाली तरी चालेल, पण त्यांना घेऊन दवाखान्यात जा. झाड आता तगलं, त्याचं राहू दे. मला तुझी भीती वाटते.

उलट टपाली उत्तर दे.
ताई


कासारवाडी,
९ एप्रिल १९७४

सौ. सुमनताई यांस,
ज्योतीरामचा नमस्कार.

तारेत सगळं लिहिता आलं नाही. मुलगी होती, जन्मली तेव्हाच गेलेली होती. अंबूच्या जिवावरचं टळलं, पण ती अजून दवाखान्यात आहे.

डॉक्टरांनी विचारलं, की पाणी कुठलं पिते. आई म्हणाली, नळाचं, मी सोता भरते. तेव्हा अंबूने सांगितलं, की ती कळशी रोज अनंताला जात होती आणि ती स्वतः विहिरीचं पीत होती. तुम्ही इतकी वर्षं प्यायलात, मला काय होणार, असं ती आईला म्हणाली. आई तिथेच खाली बसली. तेव्हापासून ती नीट जेवलेली नाही.

पाण्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी विहिरीच्या पाण्याची बाटली कारखान्याच्या फाटकावर नेली. रखवालदाराने ती ठेवून घेतली आणि साहेब कळवतील म्हणून सांगितलं. अजून कुणी आलेलं नाही.

पिण्याचं पाणी घाल, असं तुम्ही लिहिलेलं पत्र मी वाचलं. तुम्ही भल्यासाठीच लिहिलंत. मी तुम्हाला बोल लावत नाही, तुम्हीही स्वतःला लावून घेऊ नका.

अंबूला पत्र घाला. झाडाविषयी मात्र काही विचारू नका. ते फुललं आहे, त्याचा वास घरभर येतो. ती परवा घरी येणार आहे.

लोभ ठेवा, असं कोणत्या तोंडाने लिहू ते कळत नाही. तरी ठेवा.

आपला,
ज्योतीराम