विहिरीची घोंगडी

अहो,

पिठलं-भाकरी चुलीपाशी झाकून ठेवली आहे.

थंडीवर कविता लिहायला सांगताना मी ओसरीवर पोरांना दाखवलेल्या चित्रांच्या पुस्तकात सगळा बर्फच होता. तरी त्यांतल्या गुरम्मानं स्वतःला दिसली तीच थंडी लिहिली: "विहिरीत पाणी नाही, तिला लई थंडी वाजत असेल, माझी घोंगडी तिला पांघरते." एक शब्द बदलणार नाही, असं मी पोरीला सांगितलं होतं. त्याच भरवशानं कविता तुमच्या हाती दिली. आज नव्या जिल्ह्याच्या समारंभात ती वाचताना तुम्ही गुरुजींनी तिच्यातली विहीर खोडून बर्फ पाडला. साहेबांपुढं दुष्काळ नको, म्हणे! पोरगी मला विचारत होती, "काकू, माजी विहीर कुठं गेली?"

तिच्याकडेच निघाले आहे. आज तिथंच राहीन. आपली घोंगडी नेली आहे. तुम्ही तो बर्फ पांघरा.

शिवकांता