पाठीचे काटे पोटावर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात तेवढा थरथरतो, आणि हा मजकूर मला कोणी पढवलेला नाही. वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता. तो फारच गुळगुळीत होता, म्हणून मीच लिहायला बसले.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या मुलास मिळावी. माझ्या कॅसेटींना तो भंगार म्हणतो, तेव्हा त्यांना त्याने हातही लावू नये.

२. शिवणाचे मशीन, व्हीसीआर आणि भुताखेतांच्या व परग्रहांच्या सिनेमा-मालिकांच्या सर्व कॅसेटी माझ्या भाचीस, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीस, द्याव्यात. बापाला न सांगता ती माझ्याकडे त्या बघायला येते. त्यांतली उडती तबकडी म्हणजे पातेल्यांची दोन झाकणे आहेत, हे मलाही दिसते. दोरीसुद्धा दिसते. पण कॅमेऱ्याबाहेर कोणीतरी श्वास रोखून ती दोरी धरून उभे होते, आणि मला त्याचे फार कौतुक वाटते. झाकणांना खुशाल हसावे. त्या माणसाला हसणाऱ्यास मात्र एकही कॅसेट दाखवू नये.

३. कपाटावरचे राक्षसाचे मुंडकेही तिलाच. अधूनमधून ऊन दाखवावे, नाहीतर रबर चिकट होते.

४. आता मुख्य गोष्ट. त्या राक्षसाचा पोशाख मी एका सिनेमासाठी शिवला आणि आत माझा हाच धाकटा भाऊ होता. चेन पाठीला होती. ती लावायला दुसरे माणूस लागे, आणि ते माणूस मी, असे ठरले होते. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ताई, हा राक्षस शिवलायस की गादीची खोळ?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सकाळी मी गेलेच नाही. नऊ माणसांच्या त्या युनिटात कोणाचाच हात रिकामा नव्हता. त्याने पोशाख उलटा घातला, चेन छातीवर ओढली, आणि पाठीचे काटे पोटावर आले. पहिल्या दिवशी चित्रित झाले ते झाले. त्याच्याशी जुळावे म्हणून पुढे सगळे दिवस तसाच घालावा लागला. थिएटरात लोकांची हसून मुरकुंडी वळली. भावाने ते कामच सोडले. आणि मी सव्वीस वर्षे साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरले, "त्याला साधं उलटं-सुलटं कळत नाही." त्याने माझ्याशी बोलणे टाकले. चूक माझी होती, त्याची नव्हती.

हेही नोंदवून ठेवते: सिनेमाच्या शेवटी राक्षस हरवलेल्या मुलीला तिच्या दाराशी सोडतो आणि एकटाच परत फिरतो. जाताना त्याची मान जशी वळते, ते काही मी शिवलेले नव्हते. मी तिथे दर वेळी रडते.

५. भावास मी काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदार वाटेकरी नसावा; आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. भाचीने निरोप न्यावा. त्याने यावे, कलम चार माझ्यासमोर मोठ्याने वाचावे, मगच सही करावी. तो आला नाही तर ती जागा कोरी राहील. दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. मृत्युपत्र रद्द झाले तरी बेहत्तर.

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: सतरा मार्च

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला, शेजारचे घड्याळजी: (सही)

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: (सही)
कलम चार मोठ्याने वाचले. अर्ध्यावर कागद ताईकडे दिला, उरलेले तिने वाचले. मी याआधीही आलो असतो. तिने कधी बोलावलेच नव्हते.