पिवळ्या डब्याचा दोर

२३ सप्टेंबर, मंगळवार

प्रशांत गेला परत ड्युटीला. आता कोजागिरी झाल्यावरच येईल.

जाताना आमच्या अक्षदाला उचललं तर तिचा पाय बॅगेच्या पट्ट्यात अडकला. तो हसला, ती पण हसली. मी नाही. मला हल्ली काही होतच नाही. हसू नाही, रडू नाही. शेजारची मीराबाई बोलते दृष्ट काढ. कसली दृष्ट. रवींद्र गेला तेव्हापासून असं आहे.

रवींद्र आणि प्रशांत एकाच बोटीवर. मोठं जहाज बंदरात घ्यायचं तर पायलट लागतो, म्हणजे जहाजाला रस्ता दाखवणारा साहेब. त्याला छोट्या बोटीने भर समुद्रात जहाजाजवळ न्यायचं. जहाजावरून दोराची शिडी सोडतात, तिच्यावरून तो वर चढतो. खाली बोटीवर एकजण शिडी धरून उभा. दहीहंडीच्या आदल्या दिवशी रवींद्र उभा होता. लाटेने बोट उचलली आणि जहाजावर दाबली. तो मध्ये आला.

आता ती जागा प्रशांतला दिलीय. मला त्याने सांगितलं नाही. रवींद्रच्या बायकोकडून कळलं.

२४ सप्टेंबर

पाणी नाही आलं. हंडे घेऊन तासभर उभी, तशीच परत. अक्षदा रात्री रडली, दूध कमी पडतंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे ऐकलं ते कोणाला बोलू. म्हणून इथे.

मी ठाण्याला ज्या ऑफिसात लादी पुसते तिथे सगळे दिवसभर समुद्र बघतात. खिडकीतून समोर बँकेची बिल्डिंग दिसते — समुद्र सगळा टीव्हीवर. समुद्रात मशीन टाकून ठेवल्यात, त्या सांगतात लाट केवढी, पाणी किती खोल, ओढ कुठल्या बाजूला. ते बंदराला कळवायचं. मग मोठं जहाज कधी आत घ्यायचं, किती माल भरायचा, ते ठरतं. जहाज बाहेर उगाच डिझेल जाळत थांबत नाही, गाळात रुतत नाही. चित्रा मॅडमनी मला एकदा समजावलेलं, मी विचारलं नव्हतं तरी. त्यांना आवडतं समजवायला. बंदराच्या तोंडाशी एक पिवळा डबा आहे, साखळीने तळाला बांधलेला. लाटेबरोबर वर खाली होतो आणि केवढी लाट ते पाठवतो. अडीच मीटरच्या वर लाट गेली की पायलटची बोट सोडत नाहीत. प्रशांतची बोट.

आज मॅडम दुसऱ्या सरांना बोलत होत्या की तो पोरगा गेला त्या दिवशीची लाट डब्याने कमी दाखवलेली. जहाजावरचे लोक बोलतात तीन मीटर होती. आपण मशीन खराब समजलो. मशीन बरी आहे. "कोणीतरी बांधतंय त्याला काहीतरी," मॅडम म्हणाल्या. "वजन लटकलं की तो उडत नाही. मग लाट लहान दिसते."

मी पुसत होते. पुसत राहिले. तीच जागा.

२७ सप्टेंबर

कोण बांधतं मला माहीत आहे.

नारळी पौर्णिमेला मी अक्षदाला घेऊन सासरी गेलेली. प्रशांत ड्युटीवर. आबांनी स्वतः माझ्या ताटात मासा वाढला, असं कधी करत नाहीत. खुशीत होते. सांगितलं की पिवळ्या डब्याखाली मासा बसतो, सावलीला. जाळ्याचं एक टोक डब्यालाच बांधायचं, म्हणजे जाळं जागा सोडत नाही. रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी ओढायचं. जागा आपल्या घरातच राहू दे, बोलले, नाहीतर सगळी आळी होड्या घेऊन तिथे. प्रशांतला पण नको सांगू, तो आता बंदराचा माणूस.

आई चिडवत होत्या त्यांना — एवढी वर्षं मला नाय सांगितली कुठली जागा, सूनबायला लगेच सांगितली!

मला बरं वाटलेलं तेव्हा. घरातली झाले असं.

२८ सप्टेंबर, रविवार

आबांना फोन केला. मी सरळ नाही बोलले. ऑफिसवाले डबा बघायला येणारेत एवढंच सांगितलं, जाळं काढा. ते हसले. बोलले, एवढी मोठी मशीन ती, आमच्या जाळ्याचं वजन ते काय. पावसाळाभर घरी बसलो, आता कुठं मासा लागतोय. पौर्णिमा झाली की काढतो.

आणि मग अक्षदाला फोनवर दे बोलले. ती फोन चाटत होती. ते तिकडून कोंबड्याचा आवाज काढत होते.

३० सप्टेंबर

दसऱ्यानंतर पाणबुडे घेऊन बोट जाणार डबा बघायला. ज्याचं जाळं मिळेल त्याच्यावर केस. सर बोलत होते, होडी जप्त करा एकदाची, मग अक्कल येईल. चित्रा मॅडम बोलल्या, त्याला तरी कुठे माहीत असेल हो.

मला सांगता येईल. मॅडम चांगल्या आहेत. पण सांगितलं तर होडी गेली, आबा पोलिसात. आणि रवींद्रच्या आईला कळणार कोणाचा दोर होता. त्या बाईशेजारी आई बाजारात मासे घेऊन बसतात, एकाच ओळीत.

नाही सांगितलं तर प्रशांत शिडी धरून उभा.

दोन्ही नीट कळतंय मला. डोकं चालतंय. आत काहीच हलत नाही, डाव्या कुशीवर झोपून हात मेल्यासारखा होतो ना, तसं.

२ ऑक्टोबर, दसरा

प्रशांतचा व्हिडिओ कॉल. बोटीला हार घातलेला. मी विचारलं, शिडी तू धरतोस? तो बोलला, तुला कोण बोललं? मग बोलला, अगं समुद्र आता बशीतल्या चहासारखा आहे, येडी.

मी आबांचं सांगणार होते. मागे त्याचे साहेब उभे होते.

५ ऑक्टोबर

लांब आत समुद्रात वादळ आहे. इकडे येणार नाही. इकडे ऊन पडलंय, वारा नाही, वाळत घातलेला कपडा हलत नाही. पण मॅडम बोलल्या लाट येणार. वारा तिकडे, लाट इकडे येते, दोन दिवसांनी. पाणबुड्यांची बोट रद्द केली.

म्हणजे जाळं तिथेच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं लिहिते नीट.

सकाळी ऑफिसात गडबड. डबा दीड मीटर दाखवत होता. मॅडम फोनवर बंदरवाल्यांना परत परत सांगत होत्या की आमच्या हिशोबाने लाट मोठी पाहिजे, डब्यावर भरवसा नका ठेवू. तिकडचा माणूस बोलला, मॅडम, डबा तुम्हीच बसवलाय. आता तुम्हीच बोलता ऐकू नका. बाहेर जहाजं खोळंबलीत. दुपारी बोट सोडणार.

मॅडमनी फोन ठेवला आणि डोकं धरून बसल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं. त्यांना वाटलं चहाचं विचारतेय. बोलल्या, नको गं आत्ता.

मी निघून आले. एवढंच. परत नाही गेले त्यांच्यासमोर.

प्रशांतला लावला तर बंद. ड्युटीवर फोन कपाटात ठेवतात. मग जिन्यात जाऊन आबांना लावला. ते किनाऱ्यावरच होते, होडी वर ओढून बसलेले. आज कोण जातंय पाण्यात, बोलले, फुगलाय दर्या.

मी म्हटलं, "आबा, तुमच्या जाळ्याने तो डबा लाट लहान दाखवतोय. ते बघून बोट सोडणारेत. शिडीवर प्रशांत आहे."



आणि म्हटलं, "रवींद्र गेला तेव्हा पण तुमचाच दोर होता."

असं बोलायचं नव्हतं. आलं तोंडात.

पलीकडे लाटांचा आवाज. आबा बोलले, "बरं गो पोरी. ठेव."

मी खाली येऊन संडास धुतले. लायझॉल संपलेलं, तर नुसत्या पाण्याने. जेवणाच्या सुट्टीनंतर आत कोणीतरी ओरडलं. मी गेले बघायला. टीव्हीवर डब्याची रेघ सकाळपासून आडवी पडलेली, ती एकदम उभी. तीन मीटरच्या वर. सर बोलले, अरे, हा सुटला! मॅडम आधीच फोनवर होत्या — आता तरी बघा, तुमच्यासमोर आकडा आहे. बोट निघाली होती. वाटेतून मागे बोलावली.

संध्याकाळी प्रशांतचा फोन. जेट्टीवर बसून वडापाव खात होता. मला रडू नाही आलं. दूध आलं. ब्लाऊज सगळा ओला झाला, घाईघाईत पदर ओढून घेतला. इतक्या दिवसांनी.

८ ऑक्टोबर

आईंचा फोन. आबा काल दुपारी होडी घेऊन गेले ते आले नाहीत. फोन घरीच ठेवून गेले, भिजेल म्हणून. आई बोलत होत्या, पलीकडच्या बंदराला लागले असतील, हट्टी माणूस. जाताना फक्त एवढंच बोलले त्यांना — जाळं सोडून येतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रशांत शोधायला गेलाय, त्याच पायलटच्या बोटीने. लाट उतरलीय.

ऑफिसात फोन आला की एक कोळी हरवलाय, मंगळवारी दुपारी होडी बंदराच्या तोंडाकडे जाताना दिसलेली, पाण्याची ओढ कुठल्या बाजूला ते सांगा. मॅडम कामाला लागल्या. मंगळवारी दुपारी डब्यापासून निघाला असं धरलं तर भरती-ओहोटीने कुठे कुठे जाईल, ते मशीनवरून काढलं. नकाशावर एक जागा दाखवली, दक्षिणेला, खडकांच्या जवळ. मी मागे उभी होते. म्हटलं, मॅडम, ते माझे सासरे.

त्या उठल्या आणि मला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. मला त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, एवढ्या लाटेत ते तिकडे का गेले गं?

मासे धरायला, मी बोलले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे, मंगळवारच्या त्या उभ्या रेघेकडे.  पाणी आणून दिलं.

१० ऑक्टोबर

मॅडमनी दाखवली त्याच बाजूला सापडले. होडी आधी, मग आबा. प्रशांतने स्वतः वर घेतलं.

१३ ऑक्टोबर

सासरी आहे. रवींद्रची आई आली होती. आईंच्या गळ्यात पडून रडली, बोलली, आपल्या दोघींचं एकाच पाण्याने नेलं. मी चहा केला. साखर टाकायची राहिली. सगळ्यांनी तसाच प्यायला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दहावं झालं.

आज प्रशांतने आबांचा फोन चार्ज केला. त्यात शेवटचा कॉल माझा, मंगळवारचा. तो बराच वेळ बघत बसला. मी भिंतीला टेकून अक्षदाला पाजत होते. वाटलं, आता विचारेल.

तो आला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. बोलला, "तू तरी सांगितलेलंस ना त्यांना, जाऊ नका म्हणून."

मी हो म्हटलं.