आठातून शून्य

२ जानेवारी १९६३, बुधवार

काल लिहिताना एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. खोली अगदी रिकामी मिळाली, असं मी लिहिलं. तसं नाही. कोनाड्यात एक पितळी मापटं होतं आणि त्याच्या तळाशी मूठभर ज्वारी. ते मला दिसलं होतं. वाक्य छान जमावं म्हणून वगळलं. रोजनिशीत असं करू नये.

बाकी सगळं खरंच छान आहे. चिखलीची एस. टी. फाट्यावर सोडते. घरमालकीण मनकर्णाबाई स्वतः तिथवर आल्या आणि माझी ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागल्या. मास्तरीण म्हणजे बुढी असन असं वाटलं होतं, हे तं पोट्टीच निघाली, असं त्या वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या. नवरा नाही, शेत त्या एकट्याच पाहतात. त्यांची शरयू माझ्याच वर्गात, चौथीत आहे. पुढचा एक दात हलतो, तो जिभेनं ढकलत ती सारखी काहीतरी विचारत असते.

निघताना बाबांनी विचारलं होतं, तिथं तुले करमन का? आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. माझी पत्रं बाबांना पोस्टमन वाचून दाखवणार. त्यामुळे करमत नाही, असं कधी लिहिता येणार नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

मापटं चिंचेनं घासलं. ज्वारी चिमण्यांना टाकली. मनकर्णाबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. माप कधी रितं ठेवत नाहीत म्हणे. खळ्यावर रास मोजतानाही तळाशी चार दाणे राहू देतात, आणि पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, रित्या मापानं मोजाले बसलं का मोजणी सरत नाही, बाई.

दाणे टाकते, असं मी त्यांना सांगितलं. टाकले नाहीत. वर्गात शून्य दाखवायला रिकामं माप फार सोयीचं पडेल.

८ जानेवारी, मंगळवार

आज भागाकार घेतला. वर्गात आठ मापटी ज्वारीची रास केली. दोन-दोन मापटी काढत गेलं की चार वेळा काढून रास संपते, म्हणून आठ भागिले दोन बरोबर चार. मुलांना लगेच समजलं. मग शरयूनं विचारलं, दर खेपेला शून्य काढलं तर किती वेळा काढून संपते?

मला उत्तर नीट सांगता आलं नसतं. माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. मी रिकामं मापटं तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, करून पाहा, संपलं की मला सांग. पोरं खूप हसली. ती राशीवर रिकामं माप उपडं-सुलटं करत मोजू लागली. लाभ. आठातून शून्य गेले, उरले आठ. दोन. आठातून शून्य गेले, उरले आठ. घंटा झाली. आम्ही सगळे बाहेर आलो.

९ जानेवारी, बुधवार

शरयू वर्गातल्या राशीपुढून उठलीच नाही. काल संध्याकाळी आईनं तिला उचलून घरी आणलं, तर ओट्यावर बसून हात तसाच चालू. माप आत, माप वर, माप पालथं. मी तिच्यापुढे बसून सांगितलं, गणित संपलं, बाळा, हे कधीच संपत नाही, हेच उत्तर आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. मोजणं थांबलं नाही.

हेडमास्तर नीळकंठ गुरुजी येऊन गेले. हसत म्हणाले, अशी एखादी पोट्टी आमच्या पाढ्यांच्या तासाले काऊन नाही भेटली! मग ती थांबेना तेव्हा पायात चपला न घालताच निघाले.

११ जानेवारी, शुक्रवार

मापात ज्वारी घालून पाहिली. ती वर उचलते तेव्हा माप रितं असतं. दाणे खाली सांडलेले नसतात, तिच्या मांडीवर पडलेले नसतात.

माप हातातून काढून घेतलं की तिचा श्वास थांबतो. ओठ निळे पडेपर्यंत मनकर्णाबाईंनी धीर धरला, मग परत दिलं.

चिखलीचे डॉक्टर म्हणाले, ताप नाही, अशक्तपणा नाही. अन्न नाही, पाणी नाही, तरी ती वाळत नाही. हलणारा दात तसाच लोंबतो आहे. पडत नाही. तिच्यातून काहीच वजा होत नाही —

शाळेत मुलं माझ्याकडे पाहत नाहीत. विहिरीवर बाया उठून जातात.

१३ जानेवारी, रविवार. भोगी

मनकर्णाबाई आज माझ्याशी बोलल्या. माप दुसऱ्यानं घेतलं आणि मोजणी पुढं चालवली, तर पोर सुटते. पण हिसकून नाही, संक्रांतीच्या वाणातच. वाण परत करत नाहीत. ते वाण घ्यायला त्या स्वतःच पदर पसरणार होत्या. मी म्हटलं, गणित मी घातलंय. ती उठली की तिला आई लागेल. माझ्यावाचून इथं कोणाचं अडत नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इथं आल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता.

खरं लिहायचं तर, संक्रांत उद्या आहे याचं मला हायसं वाटलं.

जमेल का ते पाहायला तिच्या हातावर हात ठेवून तिच्याबरोबर मोजलं. फक्त एकदा. लाभ.

१३ जानेवारी, रविवार

सकाळी मनकर्णाबाईंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आणली. मी म्हटलं, भोगी काल झाली. त्या म्हणाल्या, आज हाय, बाई. मग कालच्याच शब्दांत वाणाचं सांगितलं. पाठीवर तसाच हात ठेवला.

वरची नोंद माझ्याच अक्षरात आहे. शाई वाळलेली आहे. तेरातून शून्य गेले —

आज तिच्या हाताला हात लावला नाही.

१३ जानेवारी

भाकरी. तीळ. पाठीवर हात.

बाबांचं पत्र, पोस्टमनच्या अक्षरातलं, मंगळवारी येणार होतं.

१३ जानेवारी

पदर धुऊन ठेवला आहे. आता भीती वाटत नाही, नुसतं ते माप घ्यायचं आहे. बाहेर शरयू मोजते आहे, दात हलतो आहे —

उद्या सोमवार. उद्या १४ जानेवारी १९६३, संक्रांत. उद्या सकाळीच मी तिच्यापुढे पदर पसरून