साहेबांच्या पोटावरची पचनसंस्था

४ जुलै, सोमवार
शाळेत टॅब आले! पुढच्या सोमवारी निरीक्षकसाहेब माझा आणि माझ्यासारख्याच विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा एकेक तास बघणार, त्यावरून विभागप्रमुख ठरणार. म्हणजे ठरलाच. मी पचनसंस्था ऑगमेंटेड रिॲलिटीत शिकवणार. चौकटींचं कार्ड ठेवायचं, त्यावर टॅब धरला की स्क्रीनवर जठर, आतडी हजर. बोटाने घास पुढे ढकलायचा. बाई म्हणे जुना पायमोजा आणि चेंडू आणणार. बिचाऱ्या!
बायको म्हणाली, गुडघ्याला बाशिंग बांधू नका. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.
संकल्प : रोज एक तास सराव.

५ जुलै
सराव नाही. डोकं जड. शिवाय फार सराव केला की उत्स्फूर्तपणा जातो.

७ जुलै
जेवणाच्या टेबलावर सराव. आतडी कार्ड सोडून टेबलक्लॉथवर पसरली. त्यालाही चौकटीच. बायको म्हणाली, एक तर आतडी उचला, नाहीतर ताट. ॲपचा दोष नाही, टेबलक्लॉथ तिच्या पसंतीचा. काढून टाकला. प्रश्न कायमचा मिटला.

११ जुलै, सोमवार
साहेब चौकटीचा शर्ट घालून आले. याला मी काय करणार?
मुलांनी टॅब उचलले आणि जठर थेट साहेबांच्या पोटावर. अख्खा वर्ग त्यांच्याभोवती. एकीचा घास मध्येच अडकला, तिने साहेबांना पोट जरा सैल सोडायला सांगितलं. त्यांनी सोडलं! दुसऱ्याने अपेंडिक्स बघायला त्यांना वळवलं. मी मागे उभा राहून 'शांतता, शांतता' एवढंच शिकवलं. जाताना साहेब म्हणाले, या तासाला शिक्षकाची गरजच भासली नाही. इतकी स्तुती माझी आजवर कुणी केली नव्हती.
बाईंच्या तासाला मोज्यातून चेंडू सरकत असताना ते नुसती मान डोलवत होते. पेंगत असावेत.

१३ जुलै
मुख्याध्यापिका जिन्यात भेटल्या, घाईत होत्या. म्हणाल्या, उद्यापासून चार्ज तुमच्याकडे. भरून आलं. बायकोला फोन केला, तिने माहेरी केला.

१४ जुलै
विभागप्रमुख मोजेवाल्या बाई. माझ्याकडे टॅबचा चार्ज. म्हणजे शाळा सुटली की वीसच्या वीस टॅब चार्जिंगला लावायचे. फार वाईट वाटलं.
घरी सांगणारच होतो, तेवढ्यात सासूबाईंचा अभिनंदनाचा फोन. जबाबदारी वाढलीये, एवढंच म्हणालो. त्यांनी कौतुकाने विचारलं, हाताखाली किती जण?
म्हटलं, वीस.