दे इकडे, मी करतो

मी, या कागदाच्या तळाशी जिची वाकडीतिकडी सही येणार आहे ती, निवृत्त विज्ञानशिक्षिका आणि नंतर शिक्षकांची शिक्षिका, राहणार थोरल्या भावाच्या डोक्यावर, म्हणजे त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत आणि आपल्या मर्जीने माझ्या पश्चात कोणाला काय मिळावे ते लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून बघणाऱ्यांचा उल्लेख त्या त्या कलमात येईल. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही हे बघायला डॉक्टरीणबाई समोर बसल्या आहेत. त्यांनी विचारले, "सकाळी उठल्यावर आपण कुठं आहोत ते कळतं ना?" मी म्हटले, "मला कळतं. खाली दादाला विचारून बघा." त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

हे टाइप केलेले नाही. माझे हात कापतात, तरी मीच लिहिते आहे. वकीलसाहेब पहिल्याच ओळीला म्हणाले, "द्या इकडे, मी पटकन लिहून काढतो." त्यामुळे ते सध्या एप्रन घालून बसले आहेत. एप्रन म्हणजे काय ते पुढे येते.

कलम पहिले. यात कोणाला काही द्यायचे नाही, फक्त हकीकत आहे. अशा कलमाची कायद्यात सोय नाही, असे वकील म्हणतात. आता झाली.

मी लहान असताना घरातला रेडिओ बंद पडला. मी तो मागून उघडला, धूळ फुंकली आणि मला एक सुटलेली तार दिसली. मी बोट पुढे करणार तेवढ्यात दादा आला. "बेबी, दे इकडे, मी करतो. शॉक बसेल तुला." स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात गेला. तो रेडिओ पुढे जन्मात बोलला नाही. पण मुलाला यंत्रांची आवड आहे असे घरात ठरले आणि दादाला इंजिनीअर व्हायला पाठवले. मी शेजारी मुकाट्याने बघत बसले होते, तेव्हा मुलगी सोशिक आहे असेही ठरले आणि मला मास्तरीण केले. रेडिओ एकच बिघडला, निकाल दोघांचा लागला.

शाळेत लागले तर तिथे वर्गावर्गात एकेक दादा. त्यातले निम्मे दादा बायकाच होत्या. प्रयोगशाळेत मुलीच्या हातातली परीक्षानळी काढून घ्यायची, गणितात खडू, कॉम्प्युटरच्या खोलीत माऊस. तोंडाने मात्र "मुलींनी पुढं आलं पाहिजे" हे चालूच. मुलींना हुरूप द्यावा लागतो हा एक मोठा गैरसमज आहे. हुरूप त्या घरून घेऊन येतात. तो पहिल्या तासाला आपण जमा करून घेतो.

म्हणून मी मुलींना सोडले आणि शिक्षकांना धरले. वरच्या खोलीत विज्ञान, गणित, यंत्रे आणि चित्रकला शिकवणाऱ्यांचा वर्ग काढला. साहित्य एकच, एप्रन. लांब बाह्यांचा, आणि बाह्यांची टोके शिवून बंद केलेली. तो घालून एखाद्या मुलीसमोर बसायचे. मुलगी काहीतरी उघडणार, जोडणार, सोडवणार, काढणार. तोंडाने एकच वाक्य बोलायचे, "मग काय झालं?" बस्स.

माणसे हादरली हो. विज्ञानाच्या एका सरांनी टेबलाची कड चावली. कॉम्प्युटरच्या सरांचे नाक खाजले, ते त्यांनी कीबोर्डवर घासले आणि मुलीचा अडलेला प्रोग्रॅम सुरू झाला. ती मदत धरून तो प्रयोग आम्ही रद्द केला. गणिताच्या बाई तर रडल्या. समोरची मुलगी एका साध्या गणितासाठी असली लांबची वाट घेत होती की बाईंना ते बघवेना. शेवटी मुलगी भलत्याच बाजूने उत्तरावर येऊन उभी राहिली आणि बाईंनी हुंदका गिळत विचारले, "मग काय झालं?" मुलगी तासभर सांगत होती. त्या दिवसापासून गणिताच्या बाई माझा उजवा हात आहेत. डावा मला कधी लागला नाही.

वर्गातल्या मुली पुढे कुठे कुठे गेल्या. एक लिफ्ट दुरुस्त करते. परवा समोरच्या इमारतीत लिफ्ट अडकली तेव्हा तीच आली होती. आत दादा होता आणि तो आतून तिला सूचना देत होता. तिने त्याला बाहेर काढले आणि विचारले, "आजोबा, मग काय झालं?"

कलम दुसरे. चित्रकलेच्या सरांना आठ पायांचा घोडा. हे सर पूर्वी मुलींची चित्रे इतक्या मायेने सुधारायचे की प्रदर्शनात चाळीस मुलींनी एकच घोडा काढलेला असे. एप्रन घातल्यावर पहिलाच घोडा आला तो आठ पायांचा. सर घामाघूम. मुलगी म्हणाली, "आठ नाहीत सर, पळतोय तो." दुसऱ्या दिवशी सरांनी ते स्वखर्चाने फ्रेम करून आणले. चित्र फ्रेमसकट त्यांचे.

कलम तिसरे. शिक्षण खात्याच्या साहेबांना भिंतीवरचे घड्याळ. वर्गाला मान्यता द्या म्हटले की हे साहेब म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." घड्याळ मुलींनी खोलून पुन्हा जोडले, तेव्हापासून ते उलटे चालते आणि अगदी बिनचूक चालते. त्यात पुढचे वर्ष येण्याची भीती नाही. साहेबांनी निर्धास्त असावे.

कलम चौथे. वहिनीला मी माझ्या कपाटातील

हे वाक्य मी मुद्दाम अर्धे सोडले आहे. लग्न होऊन आल्यापासून वहिनीने माझे एकही वाक्य मला पुरे करू दिलेले नाही, तेव्हा हेही तिनेच पुरे करावे आणि जे म्हणेल ते तिचे, असे मी ठरवले होते. कच्चा मसुदा वाचून दाखवताना मी इथे थांबले. कपाटाचे दार उघडे होते, वास येत होता, आणि वहिनी सवयीने म्हणून गेली, "डांबरगोळ्या!" वकिलांनी ते ग्राह्य धरले. वहिनी म्हणाली, "वन्सं, मी विचार करून सांगणार होते हो." पण आता उशीर झाला.

कलम पाचवे. वकीलसाहेबांना त्यांच्या अंगावरचा एप्रन. आत उबदार वाटते असे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे.

कलम सहावे. उघडलेले मिक्सर, पंखे, शिवणयंत्र आणि ते कपडे धुण्याचे यंत्र जे आता फक्त गोल फिरते, ही ज्या घरांतून आली त्या घरांना परत देऊ नयेत. तिथे त्यांना पुन्हा कोणी झाकण लावेल. ती, आणि जे जे मी कोणाला दिलेले नाही किंवा दिलेले ज्याला घेता येणार नाही ते सगळे, शिक्षकांच्या वर्गाला. ताबा गणिताच्या बाईंकडे.

कलम सातवे, वरची खोली. खरे मृत्युपत्र हे एवढेच, बाकी सगळी तोंडी लावणी.

वडिलांनी खालचा मजला दादाला दिला, वरचा मला. ही खोली गेली तर वर्ग गेला, कारण कुठलीही शाळा सुटीच्या दिवशी मास्तरांचे हात बांधायला जागा देत नाही. मी पुष्कळ ठिकाणी विचारले आहे. आणि दादाला खोली हवी आहे, दुरुस्तीखाना करायला. निवृत्त झाल्यापासून तो चालू वस्तू दुरुस्त करतो. घरात चालू वस्तू आता फारशा उरलेल्या नाहीत.

मी आधी अशी अट घातली होती, की दादाने एप्रन घालून एका मुलीला एक मिक्सर उघडून जोडू द्यावा, मग खोली त्याची. दादा म्हणाला, "एवढंच? बोलाव पोरीला." सहावीतली मुलगी आली. दादा बसला. पहिला स्क्रू निघाला, दादाचे कान लाल. दुसऱ्या स्क्रूला मुलीने स्क्रूड्रायव्हर उलटा फिरवला. दादा म्हणाला, "मग... मग काय..." आणि पुढे झुकून त्याने तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर दातांनी ओढून घेतला. ओढला तो कवळीसकट बाहेर आला. मुलीने कवळी नीट वळवून पाहिली आणि विचारले, "आजोबा, ही पण उघडून बघू?"

दादा नापास झाला. मी खुशीत लिहिले, खोली वर्गाला, आणि दादाला त्या जिन्याची पायरीसुद्धा नाही. त्यावर आणखी अटी घातल्या. जिन्याला कुलूप, किल्ली बाईंकडे, दादाने अमुक करू नये, तमुक बोलू नये. अटींनी चार पाने भरली.

गणिताच्या बाईंनी ती वाचली. मला वाटले, खूश होतील. त्या म्हणाल्या, "मोठ्या बाई, रागावू नका, पण हे तुमचं 'दे इकडे'च झालं की. मेल्यावरसुद्धा त्यांच्या हातातून काढून घेताय."

मी दोन दिवस बाईंशी बोलले नाही. मग चारही पाने फाडली.

दादाबद्दल एक लिहायचे राहिले आहे, ते इथेच लिहिते. माझे हात कापायला लागल्यापासून तो रोज सकाळी वर येतो. माझ्या बटणांना हात घालतो, माझ्या कपात चमचा ढवळतो, माझा कंगवा हिसकावतो. "बेबी, दे इकडे." मी चिडते, ओरडते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. दादाला माया करायची दुसरी तऱ्हाच कोणी शिकवली नाही. मला तो फार आवडतो. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलेले नाही, कारण मध्येच वहिनी वाक्य पुरे करील.

तेव्हा, वरची खोली दादाला. बिनशर्त. तो तिथे दुरुस्तीखाना काढो नाहीतर वर्ग चालू ठेवो. वर्गाच्या काळजीने माझा जीव तुटतो आहे, पण जन्मभर दुसऱ्यांना हात मागे ठेवायला शिकवले, आता माझे मागे.

कलम आठवे. हे मुळात नव्हते, आत्ता घालावे लागते आहे.

वकील म्हणतात, मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला यातले काहीही मिळत नाही. डॉक्टरीणबाईंना मी काही दिलेले नाही, त्या एक. दुसरे कोणी उरलेच नाही. जो दिसला त्याला मी काही ना काही देऊन बसले. साहेबांना फोन केला तर ते पुढच्या वर्षी येतो म्हणाले. गणिताच्या बाईंकडे वर्गाचा ताबा, त्या बाद.

इथेच बसलेल्या चित्रकलेच्या सरांना मी म्हटले, तुम्ही करा सही. सर घोडा छातीशी धरून म्हणाले, "बाई, दुसरं काहीही सांगा." वकिलांना म्हटले तर ते म्हणाले, "एप्रन सोडला असता हो, पण तत्त्वाचा प्रश्न आहे." वहिनी म्हणाली, "डांबरगोळ्या माझ्या हक्काच्या आहेत, त्या मी का सोडू?" इतकी शिकलीसवरलेली माणसे, आणि कोणाचीही मूठ सुटेना.

दादा दाराशी उभा आहे. तो काही बोलत नाही, हे मी आयुष्यात प्रथम पाहते आहे. आता मी सही करायला घेते. वेळ लागेल. कोणीही मदत करू नये.

स्थळ: वरची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: आजचाच. वकिलांचे हात सुटल्यावर ते आकड्यात घालतील.

सही: (आहे. वाचता येत नसली तरी आहे.)

साक्षीदार पहिली: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. इतरांबद्दल मला मत विचारलेले नाही.
डॉक्टर

साक्षीदार दुसरा: मी मृत्युपत्र करणारीचा थोरला भाऊ. इथे सही केली की मला खोली मिळत नाही, ती वर्गाला जाते, हे वकिलांनी मला समजावून सांगितले आणि मला समजले. खोली मला हवी होती. आमच्या बेबीने माझ्यासमोर सही केली. तिला फार वेळ लागला. मध्येच पेन तिच्या हातातून सुटून खाली पडले आणि टेबलाखाली गेले. ते मला दिसत होते. मी उचलले नाही. ती वाकली, शोधले, पुन्हा बसली आणि राहिलेली सही तिने पुरी केली. एप्रन मी घातलेला नव्हता.
थोरला भाऊ