कोकमाने घासलेली कट्यार

॥ श्री ॥

मी, महिपत धोंडू पांचाळ, वय वर्षे अडुसष्ट, धंदा जुन्या हत्यारांची दुरुस्ती व पारख, राहणार खालची आळी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. कोणाचा धाक नाही, कोणाची भीड नाही. भिडेपायी जन्मात एकदा गप्प बसलो, ते निस्तरायलाच हा कागद केला आहे. लेखनिक गोपाळकृष्ण आगाशे यांना सांगून ठेवले आहे की भाषा हवी तेवढी सुधारा, अर्थ सुधारू नका.

कलम १. माझे कौलारू घर, परसातले दोन माड व विहिरीचा निम्मा हक्क माझी एकुलती मुलगी जनी हिला. जनी खेडला दिली आहे. जावई भला माणूस आहे, म्हणजे त्याच्या हातून बरेवाईट काहीच होत नाही. तेव्हा घर जनीच्याच नावे राहील. जावयाने ओसरीवर बसावे, सुपारी कातरावी.

कलम २. ऐरण, कानशी, सांडशी व माझे भिंगही जनीलाच. लोक म्हणतात, मुलगा नाही म्हणून मुलीला शिकवले. म्हणोत. खिळा जुना की मागाहून ठोकलेला हे ती दहाव्या वर्षी नुसते बोट फिरवून सांगायची. मला ते तिशी उलटल्यावर जमले.

कलम ३. पुतण्या बाबल्या यास तेजाबाची बाटली. मुंबईस बसून तो साहेब लोकांना लढाईतले खंजीर विकतो. कालचे पाते तेजाबात बुडवतो आणि दोनशे वर्षांचे म्हणून सांगतो. बाबल्या, तेजाबाचा गंज तांबडा असतो नि बोटाला लागतो. म्हाताऱ्या लोखंडाचा गंज काळा असतो, खोल बसतो, पुसून जात नाही. मागे एक खंजीर तू विकलास, त्यावरचा विलायती कारखान्याचा छाप घासायचा राहिला होता. बाटली बेताने वापर.

कलम ४. आता कट्यार. आगाशे म्हणतात, एवढी हकीकत मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हटले, बसवा.

पूर्णगडास सोनूबाई भाटकर म्हणून कोळीण आहे. तिच्या सासरचे मूळ पुरुष किल्ल्याच्या गलबतावर होते, त्यांची कट्यार घरात चालत आलेली. गावची रीत अशी की कट्यार ज्याच्या घरी, दसऱ्याच्या शस्त्रपूजेत पहिला नारळ त्याचा. सन १९२३ साली येथील बागाईतदार राजाभाऊ लोवलेकर यांच्या बंगल्यावर कोणी हत्यारे जमवणारा साहेब उतरला. राजाभाऊंनी गावोगाव निरोप धाडले की जुनी हत्यारे घेऊन या, साहेब पाहणार आहेत. सोनूबाई आली. विकायला नव्हे, नुसती दाखवायला. पण साहेबापुढे घाणेरडी वस्तू कशी न्यायची, म्हणून बाईने आदल्या दिवशी कट्यार कोकमाने नि राखेने घासली, देवाची समई घासावी तशी. शंभर-दीडशे वर्षांचा काळेपणा एका दुपारी धुऊन काढला.

ओटीवर वीस-पंचवीस माणसे होती. राजाभाऊंनी पात्यावर टिचकी मारली नि कान लावला. त्यांची पारखण्याची रीत तीच. फणस पिकला की नाही हे तसे कळते, कट्यारीचे कळत नाही. मग त्यांनी ती माझ्यापुढे केली. मी पाहिले तर पाते चकचकीत, खिळे चकचकीत, खाचेत काळे म्हणून नाही. हातात नीट धरून न पाहता मी म्हणून गेलो, “खोटी. पाते मागाहून घातलेले आहे.” बाई कट्यार पदरात गुंडाळू लागली, तर राजाभाऊंनी ती मोडीच्या भावाने ठेवून घेतली आणि “एक खोटी कट्यार, मोड” अशी पावती आपल्या हाताने लिहून दिली.

संध्याकाळी त्यांनी ती माझ्याकडे धाडली, साफ करून दे म्हणून. मुठीच्या आडव्या दांड्या सोडवल्या आणि भिंग लावले. दांड्यांखाली, जिथे कोकम पोचले नव्हते, तिथे दसऱ्याच्या कुंकवाची नि तेलाची पुटे बसली होती, थरावर थर. इतक्या दसऱ्यांचे कुंकू कोणाला आणून चिकटवता येत नाही. दांडी मधोमध मुठीच्या घामाने झिजलेली. पाते मूळचेच, टोकाला जाड, चिलखत फोडायचे. कट्यार खरी होती, खोटा मी ठरलो होतो. तेव्हाच उठून सांगायला हवे होते. पण साहेबाने पाठ थोपटली होती, राजाभाऊंनी मोठा पारखी म्हणून ओळख करून दिली होती. मी दांड्या परत बसवल्या आणि तोंड मिटले. याची मला लाज वाटते, आणि तेरा वर्षांत ती कमी झालेली नाही.

पूर्णगडास लोक हसले. “खोट्या कट्यारीचे” म्हणून भाटकरांचे नाव पडले. सोनूबाईचा मुलगा शिवा शरमेने मुंबईला गिरणीत गेला, तो शिमग्यालाही गावी येत नाही. इकडे तीन वर्षांनी राजाभाऊंना साक्षात्कार झाला की कट्यार खरी आहे, आणि त्यांच्याच पूर्वजांची आहे. ती कपाटात काचेमागे लागली. तेव्हापासून दर दसऱ्याला ती घेऊन ते पूर्णगडास जातात, पहिला नारळ राजाभाऊंचा.

सन १९२९ साली ती पुन्हा माझ्याकडे आली, मूठ हलते म्हणून. मी महिनाभर ठेवून घेतली. परत गेली ती मी केलेली. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी ओळखली, ही एक आपल्या हाताने केली, आणि झकास केली. राजाभाऊ सात वर्षे पाहुण्यांना तिच्या खरेपणाची लक्षणे समजावून देत आहेत. दोनदा माझ्यासमोर दिली. मी मान डोलावली. त्यांनी वरची दांडी सोडवून पाहावी. आत सन १९२८ ची पै आहे.

आगाशे म्हणतात, ही चोरी होते. मी म्हणतो, पावती वाचा. राजाभाऊंनी खोटी कट्यार विकत घेतली, त्यांच्याकडे खोटी कट्यार आहे. खरी त्यांनी कधी घेतलीच नाही.

खरी घेऊन मी गेल्या वर्षी पूर्णगडास गेलो. सोनूबाई मासळी वाळत घालत होती. मी सगळे कबूल केले आणि कट्यार पुढे ठेवली. तिने हातही लावला नाही. म्हणाली, “मेस्त्री, चार मान्सांत खोटी म्हनलात, चार मान्सांतच खरी म्हना. माझ्या कानात कशाला सांगता?”

मी कट्यार घेऊन परत आलो. वर्ष गेले, चार माणसांत उभे राहण्याचे धैर्य काही झाले नाही. आता होईलसे वाटत नाही. मेल्यावर मात्र होईल.

कलम ५. सबब, माझ्या पश्चात येणाऱ्या पहिल्या दसऱ्यास हा कागद पूर्णगडच्या देवळात, शस्त्रपूजेआधी, आगाशे यांनी मोठ्याने वाचावा. काही गाळू नये. मग जनीने दोन्ही कट्यारींच्या, राजाभाऊंनी पूजेला आणलेल्या नि माझ्या घरातल्या, दांड्या सर्वांसमक्ष सोडवाव्यात. एकीत कुंकू निघेल, एकीत पै. कुंकवाची ती सोनूबाई भाटकर हिला, ती नसल्यास शिवास द्यावी, आणि कोकम लावू नये म्हणून सांगावे. पहिला नारळ कोणाचा हे मग गावाला सांगावे लागणार नाही.

कलम ६. राजाभाऊंना मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये, असे आगाशेही म्हणतात. साक्षीला याल का म्हणून विचारले, तर राजाभाऊ लगेच कबूल झाले. कागद वाचून दाखवू का, असे आगाशांनी दोनदा विचारले. राजाभाऊ म्हणाले, “कशाला? खरे-खोटे मला नुसते पाहून कळते.”

मुक्काम रत्नागिरी, ता. १४ सप्टेंबर १९३६.

सही: महिपत धोंडू पांचाळ, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. हरिश्चंद्र रामजी शिवलकर, शेजारी. मजकूर ऐकून सही केली.
२. राजाभाऊ नारायण लोवलेकर, बागाईतदार व शस्त्रपारखी. मजकूर न वाचता, सही खरी असल्याची खात्री करून सही केली.

लेखनिक: गोपाळकृष्ण वामन आगाशे. अर्थ सुधारलेला नाही.